आमच्याहून लहान जिल्हा

आमचा जिल्हा आमच्याहून वयाने लहान आहे. आम्ही नववीच्या वर्गात शिकतो. आमची चौदा वर्षे पुरी झाली आहेत. आणि ज्या जिल्ह्याचे नाव आम्ही आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहितो, तो पांढुर्णा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ रोजी अस्तित्वात आला. त्याच दिवशी मैहर हाही जिल्हा निर्माण झाला, आणि मध्यप्रदेशाच्या जिल्ह्यांची संख्या ५५ झाली. तोपर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले होतो. आमचे वडील, आजोबा, पणजोबा हे सर्व छिंदवाडा जिल्ह्यातलेच. मुलांच्या डोळ्यांदेखत जिल्ह्याचा जन्म व्हावा असा योग फार थोड्या पिढ्यांच्या वाट्याला येत असेल. तो आमच्या वाट्याला आला, याचा आम्हाला अभिमान वाटत होता. तो अभिमान आजही आहे. परंतु गेल्या वर्षी त्याच्या जोडीला एक खंतही आली. त्या दोहोंची ही हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

जिल्ह्याची घोषणा झाली ती आमच्याच गावी. २४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसांवलीत ‘हनुमान लोक’ या बांधकामाच्या भूमिपूजनासाठी त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. शिवराजसिंह चौहान आले होते. त्या सभेत त्यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याचे जाहीर केले. आम्ही मागच्या बाजूस, गर्दीत टाचा उंच करून उभे होतो. व्यासपीठ दिसत नव्हते, ध्वनिक्षेपक मात्र ऐकू येत होता. ‘जिल्हा’ हा शब्द कानी पडताच पुढच्या लोकांनी टाळ्या वाजविल्या, म्हणून आम्हीही वाजविल्या. त्या टाळ्यांचा अर्थ आम्हाला वर्षभराने थोडा थोडा उमगला.

जामसांवलीचे नाव दूरवर माहीत आहे ते येथल्या मारुतीमुळे. इतर गावांत मारुती उभा असतो. आमचा मारुती पिंपळाखाली पहुडलेला आहे. एके काळी तो उभाच होता, खाली पुरलेल्या धनावर चोरांची दृष्टी गेली तेव्हा ते झाकण्यासाठी तो आडवा झाला, अशी कथा वडीलधारी मंडळी सांगतात. मंगळवारी व शनिवारी येथे नागपूर, छिंदवाडा, बैतूल अशा चहूकडच्या लोकांची रीघ लागते. आम्हाला त्या कथेतली एक गोष्ट लहानपणापासून आवडते. धन राखायचे असले तर नेहमी गदाच उगारावी लागते असे नाही. कधी कधी नुसते जागा न सोडता पडून राहावे लागते. या गोष्टीची आठवण आम्हाला पुढे निराळ्याच प्रसंगी झाली.

२०२४ च्या सप्टेंबरात, पोळा होऊन गेल्यावर, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सूचना दिली. ५ ऑक्टोबरला जिल्ह्याचा पहिला वर्धापन दिन येतो, तो शाळेत साजरा करावयाचा. मुलामुलींचे लेझीम पथक काढावयाचे आणि ‘आमचा जिल्हा’ या नावाचे एक मोठे भित्तिपत्रक तयार करून ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावयाचे. भित्तिपत्रकाचे काम आम्हा सहा जणांकडे आले. तीन मुली व तीन मुले. लेझमीतही आम्ही होतोच. इतिहासाच्या गुरुजींनी आम्हाला जवळ बोलावून सांगितले, “पुस्तकांतले मी काढून देईन. परंतु पुस्तकांत नसलेले तुम्ही आणा. गावातल्या पाच वृद्धांची नावे लिहून घ्या आणि प्रत्येकाकडे दोनदा जा. माणूस पहिल्या भेटीत सांगतो ते सगळ्यांना सांगितलेले असते. ठेवणीतले दुसऱ्या भेटीत निघते.”

यादीतले पहिले नाव आबाजींचे होते. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. घर नदीच्या बाजूस, अंगणात संत्र्याची दोन झाडे, पडवीत एक बाज. १५ सप्टेंबर, रविवार. गणपतीचे दिवस होते. आम्ही सकाळी गेलो तेव्हा आबाजी बाजेवर बसून तुरीच्या काड्यांची झाडणी बांधीत होते. आम्ही वही उघडली आणि पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला, “आबाजी, नवा जिल्हा झाला, तुम्हाला कसे वाटते?”

ते हसले व म्हणाले, “मी अठीचाच, याच घरात जन्मलो. माह्या लहानपणी राजधानी नागपूर होती, मंग भोपाळ झाली. आता जिल्हाही बदलला. घर मात्र हाललं नाही. सरकारच्या कागदावर गाव फिरत रायलं, आमी बसल्या जागीच होतो.”

आम्ही ते वाक्य लिहून घेतले खरे, पण त्यातले सामर्थ्य तेव्हा आम्हाला कळले नाही. आम्ही पुढचा प्रश्न विचारला. आबाजींनी मग लहान गाडीची हकीकत सांगितली. नागपूरहून छिंदवाड्यास जाणारी ती अरुंद रुळांची गाडी सौंसरावरून जात असे. संत्र्याचे दिवस आले की बंड्या भरून स्टेशनावर जायच्या. “राजधानी भोपाळले गेली, पण संत्रा नागपूरलेच जात जाय,” असे ते म्हणाले. ती गाडी २०१५ साल सरता सरता बंद झाली. तेव्हा आम्ही पाच-सहा वर्षांचे होतो. आमच्यापैकी दोघांना तिची शिटी अंधूक आठवते. आता त्याच मार्गावर रुंद रूळ पडून मोठी गाडी धावते.

अर्ध्या तासाने आबाजी थकले. निघताना ते म्हणाले, “कागद पाह्याचे असन तं पुढच्या आयतवारी या. पेटीत लय काही हाय. चाबी पोराजवळ हाय, आणून ठेवतो.” आम्ही “येतो, आबाजी” म्हणून नमस्कार केला आणि गणपतीच्या प्रसादाची वेळ झाली होती म्हणून धावत परतलो.

त्या आठवड्यात गुरुजींनी आम्हाला पुस्तकांतला इतिहास समजावून दिला. तो ऐकताना आम्हाला आबाजींचे वाक्य नव्याने कळू लागले.

आमचा मुलूख घाटाखालचा. छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर वसले आहे. तेथून नागपूरकडे यावयाचे तर सिल्लेवानीचा घाट उतरावा लागतो. घाट उतरला की माती काळी होते, कपाशी व तूर दिसू लागते, संत्र्याच्या बागा लागतात आणि लोकांच्या तोंडी मराठी येते. सौंसर व पांढुर्णा हे दोन्ही भाग निसर्गाने असे नागपूरच्या मैदानाशी जोडलेले आहेत. परंतु राज्यकारभार नेहमी निसर्गाचे ऐकतोच असे नाही.

या प्रदेशावर पूर्वी देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. देवगडचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यात आजही पडक्या स्थितीत उभा आहे. जाटबा राजाचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त येतो. त्याच वंशातील बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास काही लहान लहान खेडी एकत्र करून नागपूर शहर वसविले. हे ऐकून आम्हाला मोठी मौज वाटली. नागपूर ही आपली जुनी राजधानी, असे आम्ही घरोघरी ऐकत आलो होतो. ते नागपूरच मुळी सातपुड्यातल्या एका राजाने वसविले, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आमचा इतिहास केवळ मराठी बोलणाऱ्यांचा नाही. त्याचे पहिले पान गोंडांचे आहे, आणि आजही पांढुर्ण्याची विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, हे आम्ही भित्तिपत्रकाच्या आरंभीच लिहिले.

पुढे अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतले आणि नागपूरकर भोसल्यांची सत्ता या भागावर आली. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडण्यात आला. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, त्याच प्रांताला ‘मध्यप्रदेश’ हे नाव मिळाले. राजधानी नागपूरच राहिली आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान मिळाला. म्हणजे आबाजी ज्या वेळी आमच्या वयाचे होते, त्या वेळी त्यांच्या राज्याचे नाव मध्यप्रदेश, राजधानी नागपूर आणि सरकारी भाषांपैकी एक त्यांच्या घरची होती.

मग १९५६ साल उजाडले. त्याआधी, १९५३ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला होता. न्यायमूर्ती फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर हे सदस्य. १९५५ मध्ये आयोगाचा अहवाल आला. राज्यांच्या सीमा ठरविताना खेडे हा घटक न धरता सामान्यतः जिल्हा हा घटक धरावा, असे आयोगाचे धोरण होते. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ मराठी जिल्हे आयोगाने विदर्भ म्हणून मोजले. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी भाषेचा. म्हणून तो हिंदी भागात राहिला आणि त्याच्या पोटात असलेली आमची जुनी सौंसर तहसीलही त्याच्याबरोबर राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे झाले. आमची राजधानी त्याच १ नोव्हेंबरला नागपूरहून भोपाळला गेली.

गुरुजी एवढे सांगून थांबले. मग त्यांनी फळ्यावर छिंदवाडा जिल्ह्याचा जुना नकाशा काढला, खालच्या बाजूस एक रेघ ओढली आणि विचारले, “मुलांनो, त्या वेळी ही रेघ असती तर?”

वर्गात कोणी बोलले नाही. मोजणाऱ्यांनी जिल्हा मोजला आणि आम्ही त्या वेळी जिल्हा नव्हतो, एवढीच ती गोष्ट होती. जो घटक १९५६ मध्ये आमच्यापाशी नव्हता, तो सदुसष्ट वर्षांनी, २०२३ मध्ये, आम्हाला मिळाला. आता त्याने राज्याची सीमा बदलायची नाही, आणि तशी इच्छा आमच्या मनातही नाही. भोपाळ आमची राजधानी आहे. हिंदीत आम्ही मित्रांशी भांडतो व समेटही करतो. परंतु कागदावरच्या एका रेघेने माणसाची शाळा, त्याच्या दाखल्यावरची भाषा आणि त्याची राजधानी कशी ठरते, हे त्या दिवशी आम्हाला समजले. ऑगस्टात वाजविलेल्या टाळ्यांचा अर्थ थोडासा उलगडला तो असा.

वर्गात भांडणही झाले, तेही लपवू नये. आमच्यापैकी काहींचे आजोळ पांढुर्ण्याकडचे, काहींचे सौंसराकडचे. सौंसराकडचे म्हणाले, “जिल्ह्याला नाव पांढुर्ण्याचे, कचेरी पांढुर्ण्याला; आम्हाला काय मिळाले?” पांढुर्ण्याकडचे म्हणाले, “आम्ही इतकी वर्षे एकेका कागदासाठी घाट चढून छिंदवाड्यास जात होतो, ते तुम्हाला दिसले नाही.” दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. पांढुर्णा रेल्वेच्या नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आहे, बाजारपेठ मोठी आहे, परंतु छिंदवाडा त्याला फार दूर पडे. सौंसरच्या माणसाला दोन्हीकडचे अंतर जवळजवळ सारखेच. त्याचा फायदा एवढाच की आता घाट लागत नाही.

हे भांडण वाढत चालले तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने जाम नदीचे नाव काढले. ती म्हणाली, “आपण दगडच हाती घ्यायचे राहिले आहे.” सगळे हसले, कारण तिचा रोख कोणीकडे होता हे इकडच्या प्रत्येकाला कळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास गोटमार भरते. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड झेंड्यासह रोवतात आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले व नदीतच दोघांवर दगड पडले, अशी तिची दंतकथा आहे. खेळ संपल्यावर झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आणि काही वर्षी माणसे प्राणासही मुकली आहेत. जिल्ह्याच्या भित्तिपत्रकात हे लिहावे की न लिहावे, असा प्रश्न आम्हाला पडला. गुरुजी म्हणाले, “लिहा. वाढदिवसाला फक्त गोडच बोलायचे असे ठरले, तर तो इतिहास राहणार नाही.” आम्ही लिहिले.

आणि त्याच्याच खाली आणखी एक गोष्ट लिहिली. ज्या नदीच्या दोन तीरांवरून तेथे दगड येतात, तीच जाम पुढे वाहत सौंसरच्या भागात येते, आमच्या जामसांवलीजवळून जाते आणि कन्हानेस मिळते. आमच्या गावाच्या नावातही तिचे नाव ऐकू येते. जिल्हा होण्याच्या कितीतरी आधीपासून पांढुर्णा व सौंसर यांना जोडण्याचे काम ती मुकाट्याने करीत आली आहे. नकाशावर ती रेघ शोधून काढल्यावर वर्गातले भांडण आपोआप मिटले.

असो. आता खंतेची गोष्ट.

पुढचा रविवार २२ सप्टेंबरचा. त्या दिवशी आबाजींकडे जावयाचे होते. परंतु लेझमीची रांग काही केल्या जुळत नव्हती. चौथ्या ठेक्याला मागची ओळ चुकत होती. शिक्षकांनी रविवारी सकाळी सरावाला बोलावले. आम्ही सहा जणांनी आपसांत विचार केला आणि ठरविले, की आबाजी काही कोठे जात नाहीत, पुढच्या रविवारी जाऊ. त्यांना निरोप पाठविण्याचेही आम्हाला सुचले नाही. रांग त्या दिवशी जुळली. आम्ही आनंदात घरी गेलो.

गुरुवारी, २६ सप्टेंबरला, पितृपक्षात, आबाजी वारले.

रविवारी गुरुजी आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेले. अंगणात माणसे बसली होती. आम्ही खालमानेने एका बाजूला उभे राहिलो. आबाजींचे चिरंजीव उठून आत गेले आणि एक जुनी कापडी पिशवी घेऊन आले. ते म्हणाले, “बाबांनी हे तुमच्यासाठी पेटीतून वेगळे काढून ठेवले होते. मागच्या रविवारी दुपारपर्यंत बाजेवर बसून होते. मी म्हटले, पोरे विसरली असतील. तर म्हणाले, येतील, परीक्षा असेल.”

त्या वाक्यावर आम्हाला वर पाहवेना. आम्हाला परीक्षा नव्हती. आम्ही लेझीम खेळत होतो, आणि आबाजी आमच्या वतीने आमच्यासाठी सबब शोधीत बाजेवर बसून राहिले होते. उभ्याचा आडवा होऊन जागा राखणारा आमच्या गावचा मारुती आम्हाला त्या क्षणी आठवला. आबाजींनीही जागा सोडली नव्हती. धन जपले होते. ते घ्यावयास आम्ही गेलो नाही.

पिशवीत तीन वस्तू होत्या. एक शाळेचा दाखला. मराठीत लिहिलेला, त्यावर छिंदवाडा जिल्हा, सौंसर तहसील आणि मध्यप्रदेश ही नावे. दुसरी, संत्र्याच्या विक्रीची एक पट्टी. शाई उडालेली, आकडे तेवढे वाचता येत होते. आणि तिसरे एक छायाचित्र. नऊ मुले दोन ओळींत बसली आहेत, मागे कौलारू इमारत, समोरच्या मुलाने मांडीवर पाटी धरली आहे आणि पाटीवर खडूने १९५२ लिहिले आहे. मागच्या ओळीत डावीकडून दुसरे आबाजी, हे त्यांच्या चिरंजिवांना ठाऊक होते. उरलेली आठ मुले कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. छायाचित्राच्या मागे काही लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरज आबाजींना कधी वाटली नसेल. त्यांना ती नावे पाठ होती.

त्यानंतरचे पाच दिवस आम्ही भित्तिपत्रकावर काम केले. मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिराचे चित्र काढले, देवगडाचे काढले, संत्र्याची फांदी काढली. ३ ऑक्टोबरच्या रात्री बातमी आली, की केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचे मान्य केले आहे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी ती वाचून दाखविली आणि सर्व शाळेने टाळ्या वाजविल्या. महाराष्ट्राच्या बाहेर राहून मराठीत शिकणाऱ्या आम्हा मुलांना त्या बातमीचा आनंद कोणाहूनही कमी झाला नाही. पण आम्हा सहा जणांच्या टाळ्या लवकर थांबल्या. आपल्या भाषेला दिल्लीत मान मिळाला ही थोरच गोष्ट. परंतु तीच भाषा नदीकाठच्या पडवीत एक माणूस आमच्याशी बोलू पाहत होता, आणि आम्हाला सवड नव्हती.

भित्तिपत्रकाच्या मधोमध कोणते चित्र लावावे याविषयी आधी बरीच चर्चा झाली होती. नव्या जिल्ह्याचा नकाशा लावावा असे ठरले होते. आम्ही तो बाजूला सरकविला आणि मध्यभागी ते छायाचित्र लावले. वर आबाजींचे वाक्य त्यांच्याच बोलीत लिहिले. खाली नऊ रकाने आखले, दुसऱ्या रकान्यात आबाजींचे नाव लिहिले आणि उरलेले आठ कोरे ठेवले. त्याखाली एक ओळ लिहिली: ‘ही नावे आम्ही वेळेवर विचारली नाहीत.’ मुख्याध्यापकांनी ती ओळ वाचली. उत्सवाच्या दिवशी ही ओळ शोभेल काय, असे ते क्षणभर म्हणाले. मग काही न बोलता त्यांनी स्वतः पत्रकाच्या चारही कोपऱ्यांना खिळे ठोकले.

५ ऑक्टोबर शनिवार होता. नवरात्र सुरू झाले होते. मारुतीच्या दर्शनासाठी बाहेरगावची माणसे पहाटेपासून येत होती. गावातून लेझीम निघाली. चौथ्या ठेक्याला मागची ओळ चुकली नाही. लोकांनी वाखाणणी केली. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितले, की नव्या जिल्ह्याच्या दोन तहसिलींत मिळून २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेचार लाखांच्या आसपास माणसे राहतात, आणि प्रत्येक घरी एक इतिहास आहे. इतर वेळी आम्ही हे वाक्य भाषणातले म्हणून सोडून दिले असते. त्या दिवशी सोडवले नाही.

दुपारी दर्शनाहून परतणारी काही मंडळी सावलीसाठी शाळेच्या ओसरीवर टेकली. त्यांत एक म्हातारी होती. सौंसराकडच्या एका खेड्यातून नातवासोबत आली होती. तिला वाचता येत नव्हते. चित्रे पाहत पाहत ती मधल्या छायाचित्रापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने पुढच्या ओळीतल्या, पाटी धरून बसलेल्या मुलावर बोट ठेवले व नातवाला म्हणाली, “हा तं माहा दादा हाय.”

आम्ही धावत गेलो. तिने भावाचे नाव सांगितले. तो शिकून मास्तर झाला, लग्नात तिला पाटल्या त्याने केल्या, आणि तो जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. त्याचा लहानपणचा फोटो तिच्याजवळ नव्हता. ती या वयात त्याला प्रथमच मुलगा म्हणून पाहत होती. आम्ही त्या रकान्यात नाव लिहिले. तिला ते वाचून दाखविले. तिने रकान्यावरून हात फिरविला आणि तोच हात आमच्या एकेकाच्या डोक्यावरून फिरविला. तिच्या नातवाने आपल्या दूरध्वनीवर छायाचित्राचे चित्र काढून घेतले. त्याची एक चांगली प्रत करून आम्ही नंतर तिला पोचती केली.

आठांतील एक नाव मिळाले. सात अजून कोरी आहेत.

हे पत्रक आता शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे. आमच्या यादीतल्या उरलेल्या चार वृद्धांकडे आम्ही दोनदा नव्हे, तीन-तीनदा जाऊन आलो. एका आजींनी आखाडीची गाणी सांगितली, एका आजोबांनी जिनातल्या कामाची हकीकत. सर्व वहीत उतरविले आहे, आणि ज्यांनी जे सांगितले त्यांचे नाव त्या पानावर लिहिले आहे. छायाचित्रे मिळाली तर त्यांच्या मागे प्रथम नावे लिहावयाची व मग ती चिकटवावयाची, असा आम्ही नियम केला आहे.

जिल्ह्याचा वाढदिवस दर वर्षी ५ ऑक्टोबरला येत राहील. जिल्हा मोठा होईल, त्याच्या कचेऱ्या पुऱ्या होतील. आम्हीही शाळा सोडून जाऊ. कोणी नागपूरला जाईल, कोणी भोपाळला. सरकार पुढेही रेघा ओढील, पुसेल, पुन्हा ओढील. ते त्याचे काम आहे. त्या रेघांच्या आत बसल्या जागी राहिलेल्या माणसांची नावे लिहून ठेवणे, हे आमचे काम. आमच्या मागून नववीत येणाऱ्या मुलामुलींना आमची एकच विनंती आहे. लेझीम अवश्य खेळा, ती सुंदर दिसते. पण रविवारी कोणी वाट पाहत असेल, तर आधी तिकडे जाऊन या.

आणि आपल्या घरी १९५२ सालचे, कौलारू इमारतीपुढे बसलेल्या नऊ मुलांचे छायाचित्र असेल, तर वाचकहो, ते घेऊन शाळेत या. सात रकाने आम्ही मोकळे ठेवले आहेत.